शिनजियांगच्या मतदानात भारताने चीनला मत दिलं नव्हतं

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘उइगुर मुसलमानांवरच्या अत्याचारांबद्दल संयुक्त राष्ट्रांत चीनच्या निषेधाचा ठराव आला आणि भारताने चीनला मत देऊन तो पाडला.’ हे खरं नाही.

मतदान झालं 6 ऑक्टोबर 2022 रोजी, जिनिव्हाला, मानवाधिकार परिषदेत. मुळात तो निषेधाचा ठरावच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्याच वर्षी 31 ऑगस्टला शिनजियांगवर, म्हणजे चीनमधल्या उइगुरांच्या प्रदेशावर, अहवाल दिला होता. तिथले प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यावर पुढच्या अधिवेशनात चर्चा व्हावी, एवढीच मागणी होती. तीही 17 विरुद्ध 19 मतांनी फेटाळली गेली. 11 देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता, तसेच युक्रेन, ब्राझील आणि मलेशियाही. विरोधात मत दिलं ते पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार यांनी. चर्चासुद्धा नको म्हणणाऱ्या या देशांची मला खरी चीड येते.

भारताने बाजूने मत दिलं असतं तरी आकडा 18 विरुद्ध 19 झाला असता.

तटस्थ राहणं बरोबर होतं का, यावर जरूर वाद घाला. माझ्या मते भारताने बाजूने मत द्यायला हवं होतं. एकेका देशाविरुद्धचे ठराव उपयोगी पडत नाहीत, ही सरकारची जुनी भूमिका. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवाधिकारांचा आदर व्हावा, असंही सांगितलं होतं.

तो संदेश पुढे पाठवला असेल, तर हे आकडेही त्याच ग्रुपवर टाका.