साठीनंतरचे काम आणि आवडीचा दावा

निवृत्ती ही कल्पना आता इतिहासजमा झाली, पूर्वीची माणसे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन घेऊन निवांत बसत, आजचे ज्येष्ठ मात्र आवडीने ‘दुसरी इनिंग’ खेळतात आणि तरुणांना तर पेन्शनच नको असते, असे सांगणारा मजकूर सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. वाचायला तो उत्साहवर्धक आहे. प्रश्न खरेपणाचा आहे.

‘पूर्वीची माणसे’ निवांत बसत, हे मंत्रालय, रेल्वे, महापालिका यांतल्या नोकरदारांपुरते मान्य करता येईल. गिरणगावाचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतल्या असंख्य जणांची नोकरी निवृत्तीचे वय येण्याच्या कितीतरी आधीच संपली. शाल-श्रीफळ दूरच, हक्काच्या देण्यांसाठीही अनेकांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. खासगी नोकरदारांसाठीची कर्मचारी पेन्शन योजना तर १९९५ साली आली.

आता आवडीचा मुद्दा, आणि खरी मेख इथेच आहे. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्याच वर्षी ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा आणि पुरी ३५ वर्षांची सेवा धरली, तरी सूत्राने हाती येतात ७,५०० रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. ज्याला घरभाडे किंवा पत्नीचे औषधपाणी यातूनच भागवायचे आहे, तो फाटकावरच्या केबिनमध्ये नोंदवही आणि गोळ्यांची डबी शेजारी ठेवून बारा तासांची पाळी करतो, किंवा दुकानदारांचे हिशेब लिहायला जातो. त्याला आपण उत्साही ज्येष्ठ म्हणतो, कारण त्याच्या पासबुकात डोकावण्याची वेळ आपल्यावर येत नाही. हौसेने शिकवण्या घेणारे निवृत्त प्राध्यापकही आहेत, नाही असे नाही. पण त्यांची हौस भरघोस पेन्शनच्या आधारावर उभी असते. शिवाय काम सुरू ठेवायचे की नाही, हे प्रत्येक वेळी कर्मचारी ठरवत नाही. एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीत पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आली आणि ती घेतलेले कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी बाहेर पडले. त्यांतल्या कित्येकांच्या मुलांची शिक्षणे तेव्हा पुरी व्हायची असणार.

तरुणांना पेन्शन नको, हे तिसरे विधान तर मार्च २०२३ मध्येच खोटे ठरले होते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत रुजू झालेल्यांना जुनी, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी हमीची, पेन्शन तेव्हा लागू नव्हती, आणि ती मिळावी म्हणून त्या महिन्यात राज्यभरातले सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर गेले होते. केंद्र सरकारनेही १ एप्रिल २०२५ पासून, किमान २५ वर्षे सेवा झालेल्यांना शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी देणारा पर्याय खुला केला, तो अशाच मागणीच्या रेट्यामुळे.