लपवण्यासारखं आहे काय?

2016 साली मी माझ्या कवितांसाठी डॉट कॉमवालं एक डोमेन घेतलं. कविता तेव्हा तीनच होत्या, पण नाव आधी अडवून ठेवावं, असं कुणीतरी कानात सांगितलं होतं. अर्जात नाव, घरचा पत्ता, फोन, ईमेल मागितला होता. मी सगळं खरंखुरं लिहिलं, अगदी 'तिसरा मजला, लिफ्टसमोर'सकट. खाली एक छोटी चौकट होती: माहिती खासगी ठेवा, पैसे जादा. म्हटलं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? चौकट कोरीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. एक लोगो करून देणार, दुसरा अ‍ॅप. तिसऱ्याला म्हटलं, बाबा रे, इथे फक्त तीन कविता आहेत. तो म्हणाला, "सर, प्रत्येक कवितेला वेगळं पेमेंट बटण लावू."

घरचा फोन बहुतेक बाबाच उचलायचे, आणि त्यांना माणसांची हौस. संध्याकाळी म्हणाले, "एक मुलगा तुला गूगलवर पहिला आणतो म्हणतोय. शाळेत आम्हाला जमलं नाही, बघ याला जमतंय का."

मग शोध लागला तो 'हू-इज'चा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे कुणालाही दाखवणारी, मूळ 1982 सालची ही सोय. तेव्हा नेटवर्कवर मूठभर माणसं. कुणाचं यंत्र बिघडलं तर कुणाला हाक मारायची, हे कळावं म्हणून केलेली वही. माणसं वाढली, वही तशीच उघडी राहिली, आणि नव्या नोंदी रोज टिपून घेणारे तयार झाले. मी माझं डोमेन तिथे टाकून पाहिलं. लिफ्टसमोर. जगजाहीर. (मे 2018मध्ये युरोपातला खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि बहुतेक नोंदींमधली नावं-पत्ते झाकले गेले. मला दोन वर्षं दम निघाला नाही.)

एक मित्र म्हणाला, खोटा पत्ता टाक. पण खोट्या माहितीवर डोमेनच काढून घेतात. शेवटी मुकाट्याने जादा पैसे भरले. नोंदीत माझ्या जागी एका मध्यस्थ सेवेचा पत्ता आला. फोन मात्र थांबेनात, कारण जुन्या नोंदीच्या नकला केव्हाच वाटून झाल्या होत्या. मधेच नूतनीकरणाच्या बिलासारखं दिसणारं एक पत्रही आलं, भलत्याच कंपनीचं. बाबा पैसे भरायला निघालेच होते. चष्मा सापडला नाही म्हणून वाचलो.

मग मी अर्जातला फोन आणि ईमेल दोन्ही बदलले आणि पक्का संशयात्मा झालो. विषयात 'डोमेन' आणि 'तातडीचे' हे दोन शब्द दिसले की ईमेल न उघडता कचऱ्यात. त्यातच एक होता: 'नवा ईमेल तुमचाच असल्याची 15 दिवसांत खात्री करा, अन्यथा डोमेन स्थगित होईल.' काय पण धमकी! तो तर मी हसत हसत उडवला.

सगळ्या ढिगात तेवढा एकच खरा होता.

सोळाव्या दिवशी साइट बंद पडली. मला पत्ताच नाही. एकाही वाचकाने विचारलं नाही; एकूण वाचक किती, हे इथे सांगत नाही. तीन दिवसांनी बाबांनी फोनवर हात ठेवून हाक मारली.

"अरे, तो लोगोवाला विचारतोय, तुझ्या कविता दिसत नाहीत म्हणे. बरा आहेस ना?"