'माकेदोनिया क्साकुस्ती'ला शिक्का कुणाचा हवा?

सकाळपासून डोकं तापलंय. उत्तर ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या परेडचा व्हिडिओ टाकला, त्यात बँड 'माकेदोनिया क्साकुस्ती' हे गाणं वाजवतोय. खाली एका शहाण्याचा प्रश्न, "याला सरकारी मान्यता आहे का?"

नाही बाबा! ग्रीसचं राष्ट्रगीत वेगळं, कवी सोलोमोसच्या १८२३ च्या कवितेतलं. हे ग्रीसच्याच उत्तरेकडच्या माकेदोनिया (म्हणजे मॅसिडोनिया) प्रांताचं, लोकांनीच आपलं मानलेलं. आपलं 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं २०२३ साली. तोवर आपण काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो?

तिथे राहत असताना घरमालकीणबाई मला भाचीच्या लग्नाला घेऊन गेल्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले. हे गाणं सुरू झालं आणि बाईंनी काठी माझ्या हातात कोंबली, निघाल्या नाचायला!

दुसऱ्याचं म्हणणं, हे कडव्या उजव्यांचं गाणं. ठीक आहे, शेजारच्या देशाने 'मॅसिडोनिया' नाव वापरू नये म्हणून २०१८ साली ग्रीसमध्ये निघालेल्या मोर्च्यांत तेही होते. ग्रीसचा हुकूमशहा मेताक्सास याच्या राजवटीत याच प्रांतात स्लाव्ह बोली बोलणाऱ्यांना शिक्षा झाल्या, तेही खरं. मग? बाईंनी नाचायचं नाही?

खरं सांगू, बाईंचं नाचणं मला नंतर जास्त कळलं. गाण्यात अलेक्झांडरची भूमी आहे, मुक्तीचा आनंद आहे. थेस्सालोनिकी ऑटोमन राजवटीतून सुटलं १९१२ साली. तेव्हा बाईंच्या घराण्यातलं तिथे कुणीही नव्हतं! त्यांची आई १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत तुर्कस्तानातल्या कप्पादोकियातून आली, तान्ही, आजीच्या कडेवर. ग्रीक ऑर्थोडॉक्स माणसं, पण घरात बोलायची तुर्की. अशा निर्वासितांना जुने रहिवासी 'तुर्कांचं बी' म्हणून हिणवायचे. आणि त्या लग्नात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? या बाईंचा. अलेक्झांडरशी नातं लावायला त्यांनी कुणाचा दाखला मागितला नाही. आता बोला.

सगळं गोड होतं असंही नाही हं. एकदा बोलता बोलता मी शेजारच्या देशाला 'उत्तर मॅसिडोनिया' म्हणाले. नावाचा वाद मिटवणाऱ्या प्रेस्पा करारानंतरचं अधिकृत नाव, चुकलं काय? बाईंनी माझी अर्धी प्यायलेली कॉफी उचलून नेली. मला त्यांचं पटत नाही. त्या देशाची राजधानी स्कोप्ये, तिथल्या माणसालाही आपलं नाव प्यारं असणारच ना. पण तो विषय मी पुन्हा काढला नाही. भांडण्याइतकं ग्रीक मला येत नाही, आणि भाडं त्या फार कमी घ्यायच्या.