लग्न झालंय का?

बावीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीच मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयांत, बायकांच्या ओपीडीत. तिथे सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘लग्न झालंय का?’ ऐकणाऱ्याला वाटतं केसपेपर भरतायत. आम्हाला विचारायचं असतं दुसरंच. संबंध आलाय का, दिवस गेले असतील का. ते तोंडातून निघत नाही, म्हणून लग्नाला पुढे करायचं.

काही वर्षांपूर्वी एक चोवीस वर्षांची मुलगी आली. पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय. सोबत आई. मी नेहमीचा प्रश्न टाकला. मुलीआधी आईच बोलली, "अहो नाही, आता स्थळं बघतोय." मी ‘अविवाहित’ लिहिलं. पाळी कधी आली होती विचारलं, तर मुलीने आईकडे बघत एक तारीख सांगितली. डॉक्टरांनी माझं लिहिलेलं वाचलं, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. लघवीची गरोदरपणाची तपासणी, जिला आम्ही यूपीटी म्हणतो, ती पाच मिनिटांची. ती कोणीच लिहिली नाही.

रात्री ती कॅज्युअल्टीत परत आली, पांढरीफटक. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साठलं होतं. ऑपरेशन झालं, मुलगी वाचली. मला सकाळी ड्युटीवर आल्यावर कळलं. केसपेपरवर अक्षर माझं होतं.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. अविवाहित म्हटल्यावर पुढचं विचारायचंच नसतं, हे तिथे सगळ्यांनाच मान्य होतं. त्यामुळे चूक कोणाचीच नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. हा आमचा संकोच संस्कारांतून येतो असं आपण म्हणतो, पण तो मुख्यतः सराव नसल्यामुळे असतो. पहिल्यांदा सलाईन लावताना माझे हात लटपटत होते. पन्नासाव्या वेळी नाही लटपटले. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या वर्षांत कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कसा घालायचा हे माझ्याकडून किती वेळा करून घेतलं असेल! तो घालण्याआधी त्या बाईशी काय बोलायचं, हे एकदाही नाही.

आणि बोलायचं तर कुठल्या शब्दांत? पुस्तकातलं ‘योनी’, ‘समागम’ ओपीडीत उच्चारलं तर बाई अशी बघते, जणू चुकून कीर्तनाला येऊन बसलीय. तिची भाषा वेगळी. खालची जागा. अंगावर पांढरं जातं. अंग बाहेर येतं. मिस्टर जवळ आले की दुखतं. हिंदी बोलणारीचं महिना, सफेद पानी. त्यात ‘पिशवी साफ केली’ हे तर कोडंच. गर्भपात केला असेल, आपोआप पडल्यावर राहिलेलं काढलं असेल, किंवा नुसता तपासणीला तुकडा घेतला असेल. पुढचं विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायलाच तर आम्ही लाजतो. मी एका वहीत हे शब्द लिहून ठेवायला लागले. आता दुसरी वही चालू आहे.

मैत्रिणी म्हणतात, वेळ कुठे आहे? सकाळच्या रांगेत मान वर करायला फुरसत नसते, हे मलाही माहीत आहे. पण आईला बाहेर काढायला अर्धा मिनिट लागतो. "काकू, जरा खिडकीवरून केसपेपरवर शिक्का मारून आणा." काकू गेल्या की मुलीला सरळ विचारायचं, "हे सगळ्यांनाच विचारतो हं. कोणाशी संबंध आलेत का? यातलं आईला मी काही सांगणार नाही." बऱ्याच जणी दोन सेकंद गप्प राहतात, मग बोलतात. शिक्का नसतो मारायचा कधीकधी, पण काकूंना फेरी पडते. माफ करा काकू.

‘आपल्याकडे हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र याच मुंबईत 1921 साली काढलं होतं.

कायदा तर आमच्या कितीतरी पुढे गेलाय. सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही. तरी "मिस्टरांना घेऊन या" ऐकू येतंच. 2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही विवाहितांसारखाच हक्क दिला, आणि डॉक्टरांनी मनाने जादा अटी घालू नयेत हेही सांगितलं. निकाल दिल्लीत लागतो, ओपीडीच्या टेबलापर्यंत पोचायला त्याला लोकलची गर्दी लागत असावी.

एचआयव्हीचंही तसंच. कोणाचा आजार तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, असा 2017 चा कायदा आहे. आणि आम्ही? केसपेपरवर लाल पेनाने खूण, हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज, राउंडला आवाज खाली. अख्ख्या वॉर्डला कळतं. तृतीयपंथी पेशंट आली की वॉर्डबॉय मामा आयामावशीकडे बघतात, मावशी माझ्याकडे. कुठल्या वॉर्डात न्यायचं? पहिल्या वेळी मीही बघतच राहिले. मग तिलाच विचारलं, नाव काय लावू, कुठे बरं वाटेल. एवढंच होतं ते.

डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वागणूक आणि संवाद हा विषय आलाय, चांगलंच आहे. पण 2024 मध्ये त्याच एमबीबीएसच्या नव्या आराखड्यात समलिंगी संबंध लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत जाऊन बसले होते. ओरड झाली तेव्हा काही दिवसांत मागे घेतलं.

आणि आमची ट्रेनिंग्ज. इंग्रजी स्लाइड्स, एसी हॉल, समोसा, सर्टिफिकेट. एकच ट्रेनिंग मला लक्षात राहिलंय. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना उभं करून ते सगळे शब्द मोठ्याने म्हणायला लावले, आपापल्या गावच्या भाषेत. पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं. मग एकीने पेशंट व्हायचं, दुसरीने विचारायचं. मी पेशंट झाले होते. खोटं खोटं असूनही मला घाम फुटला. टेबलाच्या त्या बाजूला कसं वाटतं, हे तेव्हा समजलं. अवघड प्रश्न काही फक्त संबंधांचेच नसतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेने ‘सेहत’ या संस्थेबरोबर 2000 साली ‘दिलासा’ केंद्र काढलं, घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी. ‘पडले’ म्हणून जखम दाखवणारीला पुढचा प्रश्न विचारायचा असतो, तोही शिकावाच लागतो.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवीन मुली येतायत. मेट्रनबाईंकडे मी गुरुवारचा एक तास मागितला, आणि दार लागेल अशी एक खोली. पडद्याआड हे होत नाही, पडद्याला कान असतात. तास लगेच मिळाला. खोलीसाठी दोन आठवडे गेले, शेवटी चादरींच्या स्टोअरची किल्ली हातात पडली. बसायला गाठोडी आहेत. दार लागतं, मी लावून बघितलंय.