केशवरावांना माइक लागला नाही, म्हणून सिनेमाला ध्वनी नको?

"नाटकावर सिनेमा काढणं म्हणजे नाटकाचा खून" असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: नाटक म्हणजे फक्त शब्द, बाकी सजावट. पार्श्वसंगीत ही अभिनय न जमणाऱ्यांची कुबडी. कॅमेरा दिवाणखान्याबाहेर गेला की नाटक मेलं, तेव्हा प्रयोग जसाच्या तसा चित्रित करावा आणि थांबावं. वर कळस म्हणजे, "केशवराव भोसल्यांना माइक लागला नव्हता, मग ध्वनीवर पैसे कशाला?" मी सोडून दिलं असतं. पण माझी भाची आणि तिचे मित्र एका जुन्या एकांकिकेवर लघुपट करतायत आणि हे वाचून त्यांनी ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोराला चक्क नको म्हणून कळवलं. "मामा, संवाद दमदार आहेत, मोबाइलवर भागेल," म्हणाली.

आधी केशवरावांचंच बघू, म्हणजे संगीत नाटकांतल्या त्या कोल्हापूरच्या गायक-नटाचं, कारण त्यांचं नाव घेतलं की इथं कुणी उलट बोलत नाही. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, कबूल. पण नाट्यगृहात नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर तिकिटाबरोबर ठरतं आणि पडदा पडेपर्यंत तेच राहतं. सिनेमात ते दर शॉटला बदलतं. चेहरा पडदाभर आलाय आणि आवाज मात्र दहा फुटांवरून, भिंतीवर आपटून येतोय, असं झालं की चांगलं वाक्यही खोटं वाटतं. लांब ठेवलेला मोबाइल नेमकं हेच करतो. पंखा, रस्त्यावरची रिक्षा आणि संवाद, सगळं एकाच मापात भरतो.

शिवाय केशवराव गात होते ते संगीत नाटकात, साथीला ऑर्गन-तबला आणि मागे रंगवलेले पडदे घेऊन. इथलेच चित्रपटकार बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदेच रंगवत होते. ध्वनी आणि दृश्य सिनेमाने नाटकात घुसवलं, हे निदान या गावात तरी कुणी सांगू नये.

आता "फक्त शब्द". शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणलेलं 'मॅकबेथ' घ्या. राजाचा खून होतो आणि दारावर थाप पडते, पुन्हा पुन्हा पडत राहते. ती थाप शेक्सपिअरनेच संहितेत लिहून ठेवलीय. याच नाटकावरून जपानी दिग्दर्शक कुरोसावाने १९५७ साली 'थ्रोन ऑफ ब्लड' हा सिनेमा केला आणि मूळचं काव्य जवळजवळ सगळं बाजूला ठेवलं. त्यातली असाजी, म्हणजे इथली लेडी मॅकबेथ, नवऱ्याला खुनाला भरीस घालणारी बायको, राजाच्या पहारेकऱ्यांसाठी गुंगीची दारू आणायला उठते. समोर काळंकुट्ट दार. ती आत शिरते आणि दिसेनाशी होते. ऐकू येते फक्त रेशमी वस्त्राची जमिनीवरची सळसळ. मग ती सळसळ परत येते आणि काळोखातून तिचा पांढरा चेहरा वर येतो, हातात दारूचं भांडं. तोंडातून शब्द नाही. खून तर पडद्यावर दाखवलेलाच नाही, तरी तो आपल्यासमोर घडतो. ही सळसळ काढून टाका आणि मग मला सांगा, सजावट कशाला म्हणायचं ते.

पार्श्वसंगीताबद्दल थोडं खरं आहे. डोळ्यांत पाणी येण्याआधीच व्हायोलिन सुरू करणारे सिनेमे मीही पाहिलेत आणि वैतागलोय. पण तो दोष वापरणाऱ्याचा. 'कट्यार काळजात घुसली' हे दोन गवयांच्या चढाओढीचं नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं, २०१५ साली पडद्यावर. खाँसाहेब आणि पंडितजी यांच्या गायकीतला फरक कानाला कळला नाही तर त्यात गोष्टच उरत नाही. तिथं कसली कुबडी?

कॅमेरा बाहेर नेल्याने नाटक मरत नाही आणि आत कोंडल्याने जगत नाही. बाहेर कशासाठी नेला, एवढंच विचारावं.

राहिलं प्रयोगाचं चित्रीकरण. ते जरूर करा. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलेल्या गावाला जतन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण नोंद ठेवणं वेगळं आणि सिनेमा करणं वेगळं. प्रयोगाच्या चित्रीकरणात कॅमेरा जवळ गेला की उत्तम नटही ओरडतोय असं वाटतं. चूक त्याची नसते. तो भरलेल्या सभागृहासाठी बोलत असतो आणि आपण त्याला वीतभर अंतरावरून बघत असतो.