सुई कुठून घातली, त्यावर पाय ठरतो

हाडाच्या कॅन्सरमध्ये ‘पाय वाचवला’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते मोठं ऑपरेशन आणि टायटॅनियमचा सांधा येतो. माझ्या मते पाय राहणार की जाणार, हे बरेचदा त्याच्या कितीतरी आधी, बायोप्सीच्या (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याच्या) टेबलावर ठरून गेलेलं असतं. आणि नेमकी ही बायोप्सीच ‘अर्ध्या तासाचं काम, इथेच उरकून घेऊ’ म्हणून उरकली जाते.

सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडतात. त्यामुळे कातडीवरच्या खुणेपासून हाडापर्यंतची ती अख्खी वाट पुढे गाठीसकट काढावी लागते. वाट उभी आणि पुढच्या कापाच्या रेषेत असेल तर कातडी-स्नायूची एक अरुंद पट्टी जाते, बस. पण कोणी आडवा काप घेतला, सुई गुडघ्याच्या सांध्यातून नेली किंवा रक्त साकळून मांडीत पसरलं, की काढायचा भाग दुपटी-तिपटीने वाढतो. अमेरिकेत हाडांचे सर्जन मॅनकिन यांनी १९९६ साली ५९७ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा जिथे पुढचे उपचार झाले त्या केंद्राबाहेर झालेल्या बायोप्सींमध्ये चुका आणि गुंतागुंत २ ते १२ पट निघाली.

याहून वाईट म्हणजे गाठीमुळे मोडलेल्या हाडाला साधं फ्रॅक्चर समजून रॉड घालणं. रॉडबरोबर पेशी हाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. गाठ चोळून देणाऱ्या मालिशवाल्याबद्दल तर काय बोलायचं!

म्हणून क्रम असा: समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे, मग वरच्या आणि खालच्या सांध्यासकट पूर्ण हाडाचा एमआरआय, आणि त्यानंतरच बायोप्सी. तीही जो सर्जन पुढे गाठ काढणार त्याने जागा ठरवून दिल्यावर. बाहेर झालीच असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यांत तो तुकडा जपलेला असतो) मागून घ्या.

पुढचा प्रश्न, हाडाच्या जागी काय बसवायचं. मेगाप्रोस्थेसिसवर, म्हणजे हाड आणि सांध्याच्या जागी बसवलेल्या मोठ्या धातूच्या सांध्यावर, रुग्ण लवकर उभा राहतो, पण त्याच्या बिजागरीतलं प्लास्टिकचं बुश (अस्तर) झिजतं, काही वर्षांनी हाडात रोवलेला दांडा सैल होतो. नडगीच्या वरच्या भागात कातडीखाली मांस कमी, म्हणून पोटरीचा स्नायू फिरवून धातूवर पांघरावा लागतो. नाहीतर जखम उघडते आणि केमो लांबते. दुसरी वाट म्हणजे रुग्णाचंच हाड काढून, साफ करून, निर्जंतुक पिशव्यांत गुंडाळून रेडिएशनच्या मशीनखाली न्यायचं, एकदम ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) द्यायचे आणि प्लेटा लावून परत बसवायचं. परळच्या टाटामध्ये हे होतं. सांधा वाचत असेल तर मला हे जास्त पटतं. मात्र ते हाड मेलेलं असतं. जोड भरायला महिनोन्‌महिने जातात, तोवर पायावर पूर्ण भार टाकायचा नाही.

लहान मुलांत गणित वेगळं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची वाढीची चकती (जिथून हाड लांबीला वाढतं) वर्षाला साधारण १ सेंमी देते. ९ वर्षांच्या मुलीची ती चकती काढली तर १४व्या वर्षापर्यंत जवळपास ५ सेंमीचा फरक. पुढे लांब करता येणारा कृत्रिम सांधा मिळतो, पण महाग. अशा वेळी रोटेशनप्लास्टी सुचवली की नातेवाईक हादरतात: गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय वर जोडताना पाऊल १८० अंशांत फिरवून घोट्यालाच गुडघा करायचा, टाच पुढे. दिसायला विचित्र, हे खरंच. पण मज्जातंतू शाबूत राहतात, तळव्याला जमीन कळते, कृत्रिम पाय लावून पोर पळतं. ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यासाठी हा पर्याय बाद करणं मला मान्य नाही. निदान असं ऑपरेशन झालेल्या मुलाला चालताना तरी आधी बघा.

आणि धातू बसवलेल्या पायाबद्दल एक: कित्येक वर्षांनंतरही सांधा गरम झाला, सुजला, ताप आला तर दुकानातून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आधी सांध्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवू द्या. दोन गोळ्या पोटात गेल्या की जंतू बरेचदा कल्चरमध्ये सापडत नाही, सांध्यात मात्र राहतो.