‘मनाला येईल ते उत्तर’ म्हणणाऱ्या वाचकास

इंग्रजी क्रिप्टिक, म्हणजे शब्दखेळात उत्तर दडवणाऱ्या, शब्दकोड्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘हा रिकामटेकड्यांचा साहेबी चोचला आहे. याला नियम नाहीत, रचणाऱ्याच्या मनाला येईल ते उत्तर. त्यात लेख लांबलेला, आणि मराठीत हे लिहायची गरज काय?’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘रिकामटेकडे’? माझे वडील गिरणीत टाइमकीपर होते, शिक्षण मराठी शाळेत. रद्दीवाल्याकडून ते इंग्रजी पेपरचे सलग दोन दिवसांचे अंक मागून आणायचे, कारण एकात कोडं असे आणि दुसऱ्यात उत्तर. पाळी संपवून आलेला तो माणूस डिक्शनरी घेऊन बसायचा. त्याच्या शेजारी बसून मी हे शिकलो. कुणाला साहेबी म्हणताय, याचा आधी विचार करायला हवा होता. आणि जानेवारी १९४२मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ या ब्रिटिश दैनिकाने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली, तेव्हा भाग घेतलेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्कला, ब्रिटनच्या गुप्त युद्धकेंद्रात, जर्मन संकेतलिपी फोडायच्या कामासाठी बोलावणं आलं. तेही रिकामटेकडेच का?

आता ‘नियम नाहीत’. हे वाक्य मी सोडणार नाही.

क्लू म्हणजे उत्तरासाठी दिलेलं सूचक वाक्य. बहुतेक चांगल्या क्लूमध्ये एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराकडे नेणारा शब्दखेळ. वायफळ शब्द चालत नाही. ‘हार्ट’ची (heart) पाच अक्षरं हलवली की पृथ्वीवाचक ‘अर्थ’ (earth) होतं, पण अक्षरं हलवायची आहेत हे सांगणारा ‘ब्रोकन’सारखा शब्द क्लूमध्ये हवाच. तो नसेल तर क्लू बाद. आधी समानार्थी शब्द ओळखा आणि मग त्याची अक्षरं हलवा, असं सांगणंही अन्यायाचं मानतात. ‘फ्लॉवर ऑफ लंडन?’ या क्लूचं इंग्रजीत सहा अक्षरी उत्तर ‘थेम्स’ नदी, कारण ‘फ्लो’ होणारी, म्हणजे वाहणारी, ती ‘फ्लोअर’, आणि फूल या अर्थाच्या ‘फ्लॉवर’चं आणि तिचं स्पेलिंग एकच. शेवटचं प्रश्नचिन्ह उगाच नाही. अर्थ वाकवलाय, याची ती कबुली आहे. इतका प्रामाणिकपणा ज्या खेळात आहे त्याला तुम्ही मनमानी म्हणता!

हे नियम आपोआप आलेले नाहीत. ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९२६पासून ‘टॉर्कमाडा’ या नावाने रचणारे एडवर्ड पोईस मॅदर्स खरोखर बेबंद होते. तुमची टीका त्यांच्यावर असती तर मी वाद घातला नसता. त्यांच्यानंतर त्या जागी ‘झिमेनीस’, म्हणजे डेरिक मॅकनट आले. ते ग्रीक-लॅटिन शिकवणारे शिक्षक. त्यांनी १९६६मध्ये अख्खं पुस्तक लिहून न्याय्य क्लू कशी असते ते बांधून दिलं. त्याही आधी, १९४९मध्ये, ‘अफ्रिट’ या रचनाकाराने सांगून ठेवलं होतं की मी म्हणतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण मनात आहे ते मी म्हटलंच पाहिजे. आजही ब्रिटनमध्ये क्लू न्याय्य की अन्याय्य हा वाद होतो, तेव्हा मॅकनटचं नाव निघतंच. नियम नसते तर हे भांडण कशावरून झालं असतं?

एक मान्य करतो. संक्षेप आणि ठरीव शब्द पाठ करावे लागतात : खलाशी म्हटलं की ‘टार’ किंवा ‘एबी’ (‘एबल सीमन’चा संक्षेप), क्रिकेटची लेग साइड म्हणजे ‘ऑन’. नवख्याला हे जाचक वाटतं, आणि त्याची तक्रार रास्त आहे.

लेखाची लांबी आणि ‘मराठीत कशाला’ यावर मी बोलणार नाही. ज्याला वाचायचं नाही त्याच्यावर सक्ती कुणीच केलेली नाही.

पुढच्या वेळी एखादी क्लू अन्यायाची वाटली तर ती इथे लिहा आणि तिच्यातला कुठला शब्द फुकट गेलाय ते दाखवा. त्यावर मी कितीही वेळ बोलेन. चोचला म्हणून मोकळं होणाऱ्याशी नाही.